धानपट्ट्यात एटीव्ही : खरेदीपूर्वी माती, धुरा आणि टाकीचा हिशेब

रायपूरच्या मैदानी भागात सप्टेंबरच्या उत्तरार्धात धान पोटरीतून निसवणीकडे सरकत असते. याच दिवसांत चुडाच्या बुडाशी तपकिरी तुडतुड्यांची संख्या वाढू लागते. छत्तीसगडचा शेतकरी त्याला भुरा माहो म्हणतो. वरून हिरवीगार दिसणारी बांधी बुडातून शोषली जात असते आणि ती धुऱ्यावरून दिसत नाही. जळाल्यासारखे गोल चट्टे नजरेस पडेपर्यंत उपायाचा काळ बहुधा निघून गेलेला असतो. म्हणून या दोन-तीन आठवड्यांत निरीक्षण करणाऱ्याने अधिकाधिक बांध्यांपर्यंत वेळेवर पोहोचणे, आणि गरज पडल्यास पाणी व औषध तेथे नेणे, हा पीक संरक्षणाचा पहिला प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून अलीकडे एटीव्हीची, म्हणजे कोठल्याही जमिनीवर चालणाऱ्या चारचाकी खोगीर-गाडीची, चौकशी वाढली आहे. चित्रफितींमध्ये ती चिखल, ओढे, चढ-उतार लीलया पार करते. मात्र शेतकऱ्याने विकत घेताना ‘ती कोठे कोठे जाऊ शकते’ यापेक्षा ‘आपल्या शेतात वर्षातील सर्वांत वाईट आठवड्यात तिच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आहे’ हे आधी ठरवावे. इंजिनाची ताकद हा मुद्दा त्यानंतरचा आहे. अनेकदा तो शेवटचाच असतो.

यंत्राची जात

या यंत्राचा आरंभ शेतीसाठी झालेला नाही. होंडा कंपनीने 1970 साली फुग्यासारख्या मोठ्या, कमी हवेच्या टायरांची तीनचाकी गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली ती मुख्यतः मौजेसाठी. चारचाकी रूप 1980 च्या दशकात आले. तीनचाकी गाड्या वळणावर उलटत असल्याने 1988 मध्ये अमेरिकेत उत्पादक कंपन्यांनी सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार त्यांची विक्री थांबवली. चारचाकी मात्र टिकली आणि न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांनी तिला खरे शेतीकामाला जुंपले. तेथील कुरणे विस्तीर्ण, जमीन बहुतांशी गवताने बांधलेली आणि वाहून नेण्याचे ओझे थोडे. धानाच्या बांधीशी या परिस्थितीचे साम्य फारच कमी आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचा विचार करावा.

आज बाजारात दोन मुख्य प्रकार आढळतात. एकावर घोड्यावर बसल्यासारखे बसावे लागते आणि दिशा हँडलने वळवावी लागते. यालाच सामान्यतः एटीव्ही किंवा क्वाड म्हणतात. दुसऱ्यात शेजारी-शेजारी आसने, गोल स्टीअरिंग, सीटबेल्ट, डोक्यावर लोखंडी चौकट आणि मागे सामानाचा हौदा असतो. त्याला यूटीव्ही म्हणतात. क्वाडची रुंदी सुमारे सव्वा मीटर, यूटीव्हीची साधारण दीड मीटर. क्वाडच्या मागच्या रॅकवर मध्यम आकाराच्या यंत्रात 50 ते 90 किलो भार चालतो. यूटीव्हीच्या हौद्यात 200 ते 450 किलोपर्यंत नेता येते. ‘क्वाड्रिसायकल’ हा शब्द मात्र या दोहोंपैकी कोणालाही लावू नये. भारतात 2018 पासून मान्यता असलेला तो रस्त्यावरच्या लहान प्रवासी वाहनांचा वेगळा वर्ग आहे आणि नावाच्या साधर्म्यामुळे नोंदणीच्या वेळी गोंधळ होतो.

टायरमधील हवा आणि चार प्रकारच्या माती

वाहन मातीत रुतेल की नाही, हे वजनापेक्षा ते वजन किती जागेवर पसरले आहे यावर ठरते. त्याचा ढोबळ अंदाज टायरमधील हवेच्या दाबावरून घेता येतो, कारण जमिनीवर पडणारा दाब साधारण तेवढाच असतो. मोटारसायकलच्या टायरात 25 ते 33 पौंड हवा भरतात, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात 12 ते 16 पौंड, तर एटीव्हीच्या टायरात 4 ते 7 पौंड. चालणाऱ्या माणसाचे पाऊल जमिनीवर जो दाब टाकते, त्याच्या जवळपासचा हा आकडा आहे. म्हणजे जेथे माणूस बूट घालून न रुतता चालू शकतो, तेथे एटीव्ही बहुधा जाईल. जेथे त्याचे पाय घोट्याच्या वर रुततात, तेथे ती जाणार नाही, मग इंजिन कितीही मोठे असो. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकापेक्षा ही कसोटी स्वस्त आणि अधिक विश्वसनीय आहे.

छत्तीसगडच्या मैदानात शेतकरी मातीचे चार प्रकार ओळखतो : भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. उंचावरची भाठा ही मुरमाड, उथळ आणि लवकर निचरा होणारी. तिच्या खालच्या उतारावर पिवळसर मटासी, त्यानंतर डोरसा आणि सखल भागात काळी, भेगाळणारी कन्हार. कन्हार हे नाव वैनगंगेच्या खोऱ्यातही चालते. भंडारा-गोंदियाकडचे सिहार, मोरांड, खरडी हे प्रकार पोताने वेगळे असले, तरी वाहनाच्या दृष्टीने त्यांचाही क्रम हलक्याकडून भारीकडे असाच लावता येतो.

भाठ्यावर एटीव्ही पावसाळ्यातही चालते. तेथे अडचण चिखलाची नसून अणकुचीदार मुरमाची असते. कमी हवेच्या टायराची बाजू खडीवर घासून फाटते. म्हणून अशा जमिनीसाठी सहा प्लायचा टायर मागावा, चार प्लायचा स्वीकारू नये. मटासीवर पाऊस उघडल्यानंतर थोड्या दिवसांत काम सुरू करता येते. कन्हारची गोष्ट निराळी आहे. ओली कन्हार टायरच्या खाचांत गच्च बसते, चाक गुळगुळीत होते आणि मडगार्डच्या आत माती साचून ते फिरेनासे होते. चारही चाकांना ताकद मिळाली, तरी चारही चाके एकाच जागी घसरतात. अशा जमिनीसाठी खोल आणि विरळ खाचांचे टायर व मडगार्डखाली मोकळी जागा पाहावी. पावसाळी आठवड्यांत यंत्र कन्हारमध्ये न उतरवणे हे त्याहून शहाणपणाचे.

दाबाच्या या हिशेबाला एक मर्यादा आहे. हलक्या टायरांमुळे वरचा थर वाचतो. पण ओल्या मातीवर पुन्हापुन्हा त्याच पट्ट्यातून जाणारे कोणतेही वाहन तिला आवळते. धानासाठी चिखलणीने तयार झालेला खालचा घट्ट थर उपकारकच असतो, कारण तो पाणी धरून ठेवतो. धानामागून घेतल्या जाणाऱ्या हरभऱ्याच्या मुळांना मात्र तो अडसर ठरतो. बांधीत हरभरा किंवा लाखोळी घ्यायची असल्यास कापणीनंतर लगेच ओल असताना वाहन आडवे-तिडवे फिरवू नये, एकच ठरलेला मार्ग ठेवावा.

धुऱ्याची रुंदी

खरीप धानात एटीव्हीची निवड बहुधा येथेच फसते. पाणी साठलेल्या बांधीत ती चालवायची नाही, हे सर्वांना पटते. मग ती धुऱ्यावरून चालेल असा समज असतो. प्रत्यक्षात धुरा हात-दीड हात रुंद, म्हणजे 45 ते 70 सेंटिमीटर. यंत्राची रुंदी सव्वा मीटर. गणित जुळत नाही. धुऱ्याची कड चाकाखाली ढासळली की एक चाक बांधीत उतरते आणि यंत्र चालवणाऱ्यावर येते.

म्हणून खरिपात एटीव्ही पांदण, कालव्याच्या सेवा-रस्त्यावर आणि मोठ्या बोडीच्या पाळीवर चालवावी. तेथून पुढे बांधीपर्यंत पायीच जावे. ज्या शेतात बांध्या मोठ्या आहेत, तेथे दर चार-पाच धुऱ्यांपैकी एक धुरा दीड-दोन मीटर रुंद करून घेण्याचा विचार करता येईल. त्यात जमीन जाते, हे खरे. त्या बदल्यात कापणी, मळणी आणि खत वाहतुकीलाही वाट मिळते. आडवा धुरा ओलांडणे आवश्यक असेल, तेथे दोन्ही बाजूंना मातीचा सौम्य उतार करावा. धुरा ओलांडताना पुढची दोन्ही चाके एकाच वेळी चढतील असे सरळ जावे. तिरके गेल्यास एक चाक उचलले जाते आणि गुरुत्वमध्य उंच असलेले यंत्र त्याच बाजूला उलटते.

केवळ कीड-सर्वेक्षण हाच उद्देश असेल, तर स्पष्टपणे सांगणे योग्य की मोटारसायकल आणि पाय हे साधन अजूनही उजवे आहे. मोटारसायकल पांदणीने जाते, धुऱ्याच्या टोकाशी उभी राहते आणि तिची दुरुस्ती गावात होते. शिवाय तुडतुड्यांची मोजणी करताना चूड वाकवून बुडाशी पाहावे लागते. इंजिनाच्या थरथरीने किडी हलण्यापूर्वी वाहन दूर थांबवावेच लागते.

टाकीत किती पाणी, शेतात किती फवारा

फवारणीसाठी एटीव्ही घेण्याचा विचार असेल, तर पाण्याचे वजन आधी मोजावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रॅकवर 90 किलोची मर्यादा असेल आणि टाकी, पंप, नळ्या, बूम यांचे वजन 25 ते 30 किलो असेल, तर पाण्यासाठी साठ लिटरच उरतात. शंभर लिटरची टाकी बसते म्हणून ती भरू नये. अर्धी भरलेली टाकीही निर्धोक नाही, कारण वळणावर आतले पाणी एका बाजूला धावते. आत आडवे पडदे असलेली टाकी घ्यावी किंवा टाकी मागे जोडलेल्या दोनचाकी गाड्यावर ठेवावी. ओढण्याची क्षमता रॅकपेक्षा पुष्कळ अधिक असते. पण गाड्याला ब्रेक नसतो. म्हणून उतारावर लो गिअर लावूनच उतरावे.

एकरी किंवा हेक्टरी किती फवारा पडतो, हे पुढील सूत्राने काढावे : सर्व नोझलमधून एका मिनिटात पडणारे लिटर गुणिले 600, भागिले (ताशी वेग किलोमीटरमध्ये गुणिले बूमची रुंदी मीटरमध्ये). समजा, चार मीटर रुंदीच्या बूममधून मिनिटाला 8 लिटर द्रावण पडते आणि यंत्र ताशी 6 किलोमीटर वेगाने जाते. तर 8 गुणिले 600 म्हणजे 4800, भागिले 24, म्हणजे हेक्टरी 200 लिटर. साठ लिटरच्या टाकीत पाऊण एकरापेक्षा किंचित कमी क्षेत्र होते. तेच यंत्र उत्साहाच्या भरात ताशी 9 किलोमीटरने नेल्यास हेक्टरी 133 लिटरच पडतात, म्हणजे औषधाची मात्रा एक-तृतीयांशाने घटते. मात्रा कमी पडल्यास वाचलेल्या किडी पुढील पिढी वाढवतात. तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतीत चुकीची औषधे, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील, वापरल्याने मित्रकीटक मरून प्रकोप उलट वाढल्याचा अनुभव धान पिकवणाऱ्या अनेक देशांत आला आहे. म्हणून स्पीडोमीटर नीट चालतो की नाही हे पाहणे ही चैन नव्हे. तो नसल्यास 50 मीटर अंतर दोरीने मोजून त्यासाठी लागलेल्या सेकंदांवरून वेग काढावा. 50 मीटरला 30 सेकंद लागले, तर वेग ताशी 6 किलोमीटर.

आता तुडतुड्यांकडे परत येऊ. ते बुडाशी असतात आणि द्रावण बुडाशी पोहोचावे लागते. धुऱ्यावर उभ्या यंत्राच्या बूममधून किंवा लांब पल्ल्याच्या गनमधून पानांच्या शेंड्यावर पडणारा फवारा त्यांच्यापर्यंत जात नाही. ड्रोनपुढेही दाट पिकात हेच आव्हान आहे, जरी एकरी सुमारे 10 लिटरमध्ये काम उरकत असल्याने पाणीवाहतुकीचा प्रश्न तेथे सुटतो. रोवणीच्या वेळीच दर दोन-तीन मीटरनंतर 30 सेंटिमीटरचा मोकळा पट्टा सोडला, तर हवा खेळती राहते, निरीक्षण सोपे होते आणि पाठीवरच्या पंपाची नळी बुडापर्यंत पोहोचते. एटीव्हीचे काम अशा वेळी फवारणीचे नसून पांदणीवर पाणी, इंधन आणि माणसे यांचा पुरवठा करण्याचे असते. त्यातही माणसांसाठी यूटीव्हीच हवी. क्वाडवर दुसऱ्याला बसवू नये.

बूम असलेली एटीव्ही खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती रब्बीत. हरभऱ्यात घाटेअळीचे कामगंध सापळे सलग तीन रात्री प्रत्येकी आठ-दहा पतंग दाखवू लागले की काही दिवसांतच मोठे क्षेत्र हाताळावे लागते. त्या वेळी जमीन कोरडी असते. मात्र पेरणीपूर्वीच चाकांचा विचार करावा लागतो. टायरवर 25-10-12 असे लिहिलेले असेल, तर त्याची उंची 25 इंच, रुंदी 10 इंच आणि रिम 12 इंच असते. दहा इंच म्हणजे 25 सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरच्या ओळींत ते जेमतेम मावते आणि प्रत्यक्षात दोन्हीकडची झाडे चिरडते. म्हणून पेरतानाच बूमच्या रुंदीइतक्या अंतरावर चाकांसाठी ओळी रिकाम्या सोडाव्यात आणि हंगामभर त्याच वापराव्यात.

चालवणाऱ्याची सुरक्षितता

बूम पुढे बसवलेल्या यंत्रात चालक स्वतःच्याच फवाऱ्यातून पुढे जातो. बूम मागे असावी, वारा पाठीवर घेऊन चालू नये आणि मुखपट्टी, चष्मा, हातमोजे वाहनावर बसलो म्हणून काढू नयेत. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. वाहनावरची फवारणी त्या धोक्यातून आपोआप मुक्त नसते, उलट तासाला अधिक द्रावण हवेत जाते.

दुसरा धोका उलटण्याचा. तीनशे किलोचे यंत्र छातीवर पडल्यास एकट्या माणसाला ते उचलता येत नाही आणि दुपारच्या शिवारात मदतीला कोणी नसते. ऑस्ट्रेलियात शेतावरील अशा मृत्यूंमुळे कायदाच करावा लागला. ऑक्टोबर 2021 पासून तेथे विकल्या जाणाऱ्या शेतीच्या नव्या क्वाडला चालकामागे संरक्षक कमान बंधनकारक आहे. भारतात घेणाऱ्यानेही ती मागून घ्यावी. हेल्मेट आवश्यक, आणि मोठ्या यंत्रावर लहान मुलांना बसवणे पूर्णपणे वर्ज्य. यूटीव्हीतली चौकट सीटबेल्ट लावल्याशिवाय उपयोगाची नाही, कारण उलटताना माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडतो.

कागदपत्रे, किंमत आणि पर्याय

बहुतेक एटीव्ही भारतात केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी विकल्या जातात. त्यांची परिवहन कार्यालयात नोंदणी होत नाही, त्यामुळे दोन शेतांमधला डांबरी रस्ता त्यांवरून पार करतानाही कायद्याचा आणि विम्याचा प्रश्न उभा राहतो. पोलॅरिस कंपनीने 2020 च्या अखेरीस स्पोर्ट्समन 570 हे मॉडेल कृषी ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होण्याजोग्या रूपात आणले. त्या वेळी त्याची किंमत सुमारे आठ लाख रुपये होती. याच्या साधारण निम्म्या किमतीत 15 ते 20 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर मिळतो. तो नांगरतो, पंप चालवतो, ट्रॉली ओढतो, आणि त्याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याने एकट्याने एटीव्ही घेण्याचे समर्थन करणे कठीण आहे. शेतकरी उत्पादक कंपनी, बियाणे उत्पादक गट, मोठी फळबाग किंवा संशोधन प्रक्षेत्र यांच्यासाठी हिशेब बदलतो, कारण तेथे यंत्र वर्षभर राबते.

छत्तीसगडमध्ये आणखी एक काम या यंत्राला शोभणारे आहे, ते म्हणजे लाखेचे. पळस, बोर आणि कुसुम ही यजमान झाडे शेताच्या कडेला व माळावर विखुरलेली असतात. बीज-लाखेच्या काड्या ठरावीक दिवसांत झाडांवर बांधायच्या असतात, कारण किडीची पिले बाहेर पडू लागली की वाट पाहता येत नाही. ओझे हलके, अंतर लांब, जमीन भाठा : क्वाडला अनुकूल असे सर्व काही येथे एकत्र येते.

यंत्र पाहताना काही बारकावे विसरू नयेत. बहुतेक यंत्रांत ताकद रबरी पट्ट्याने चाकांकडे जाते. पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरले की तो घसरतो. म्हणून त्याला हवा देणाऱ्या नळीचे तोंड किती उंचीवर आहे, हे स्वतः पाहावे आणि त्याखालीच पाण्याची पातळी ठेवावी. चारचाकी ताकद हवी तेव्हाच लावता यावी, कायमची नसावी. कठीण रस्त्यावर ती टायर झिजवते आणि वळणे जड करते. प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या मैदानावर न घेता आपल्या शेतात, भरलेल्या टाकीसह आणि पाऊस पडून गेल्यानंतरच्या दिवशी घ्यावे.

एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्यापूर्वी टायर व मडगार्डची आतली बाजू पाण्याच्या झोताने धुवावी. खाचांत अडकलेल्या मातीच्या ढेकळाबरोबर करग्याचे, म्हणजे तणधानाचे, बी, गाजरगवताचे बी आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची अंडी सहज प्रवास करतात. बियाणे उत्पादनाच्या प्रक्षेत्रात करग्याचे काही दाणे आले, तरी पुढील हंगामात भेसळ काढण्यासाठी मजुरांच्या रांगा लावाव्या लागतात. धुण्याची जागा विहिरीपासून व बोडीपासून दूर, मुरमाड जमिनीवर ठेवावी आणि तेथे उगवणारी रोपे फुलोऱ्यापूर्वी उपटून टाकावीत.